रात्री दाढ ठणकायला लागली तर: आधी काय, मग काय आणि काय अजिबात नको

दाढ दुखायला लागली की हाताला लागेल ते तिच्यात कोंबायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. लवंग, कापूर, हिंग, मिश्री, ब्रँडीत भिजवलेला बोळा. आणि त्यानं भागलं नाही की मेडिकलमधून ‘दाढेवरची काहीतरी द्या हो’ म्हणून आणलेल्या दोन-तीन गोळ्या. सकाळी माझ्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या बऱ्याच जणांना दाढेपेक्षा रात्रीच्या उपायांनीच जास्त पोळलेलं असतं. हिरडी भाजून पांढरी पडलेली, पोटात आग, आणि कुठल्या किती गोळ्या घेतल्या ते सांगता येत नाही.

यातले काही उपाय उपयोगी आहेत. चुकतो तो त्यांचा क्रम आणि माप. शिवाय घरचा उपाय फक्त सकाळपर्यंत निभावून नेतो, दुखण्याचं कारण दातात तसंच राहतं. त्यामुळे खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमानं करा.

## तयारी: एक डबा आत्ताच भरून ठेवा

रात्री दोन वाजता फ्लॉस मिळत नाही. एका छोट्या डब्यात हे ठेवा: मऊ केसांचा नवा ब्रश, दात साफ करायचा दोरा म्हणजे फ्लॉस, लहान आरसा, टॉर्च, थर्मामीटर, कापूस, पॅरासिटामॉलची पट्टी. घरातल्या मोठ्या माणसांना चालत असेल तर आयबुप्रोफेनची पट्टीही (कुणाला चालत नाही ते पायरी 4 मध्ये आहे). मीठ आणि बर्फ घरात असतातच.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकाची रोजची औषधं, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, कुणाला मधुमेह, कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेतं, आणि दातांच्या डॉक्टरांचा नंबर. दुखण्यानं डोकं फिरलेलं असताना यातलं काही आठवत नाही.

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या या डब्यात नकोत. का, ते पुढे येईल.

## पायरी 1: आधी धोक्याच्या खुणा बघा

पाच मिनिटंही लागत नाहीत. आरसा, टॉर्च आणि थर्मामीटर घ्या. पुढचं काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी 108.

- सूज गालावरून डोळ्याकडे चढते आहे किंवा हनुवटीखाली, गळ्याकडे उतरते आहे.
- थुंकी गिळता येत नाही, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज बदललाय, श्वास घ्यायला त्रास होतोय.
- सुजेबरोबर ताप आणि हुडहुडी आहे.
- तोंड उघडतच नाही.
- खालचा जबडा दुखतोय आणि सोबत घाम, छातीवर दडपण, डाव्या हातात कळ किंवा धाप आहे. ही दाढ नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. जिना चढल्यावर जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, असं असेल तरी दातांच्या आधी हृदय तपासून घ्या.

इशारा: गळ्याकडे उतरणारी सूज ‘सकाळी बघू’ म्हणून सोडायची नसते. खालच्या दाढांचा पू जिभेखाली पसरला तर काही तासांत श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी तर आणखी घाई करावी.

## पायरी 2: कळ कशी आहे ते ओळखा

‘दुखतंय’ एवढ्यावर पुढचं काही ठरत नाही. कुठला दात, ते आधी शोधा. स्वच्छ बोटानं एकेक दात हलकेच दाबा. एखादा दात बाकीच्यांपेक्षा ‘उंच’ झाल्यासारखा वाटतो का, दात मिटताना तोच आधी लागतो का, ते बघा.

गार लागताच सण्णकन कळ, पण काही सेकंदांत शांत. दात शिवशिवतात तो प्रकार. हिरडी उतरून मूळ उघडं पडलेलं असतं किंवा कीड सुरुवातीची असते. रात्र सहज निघेल.

गरम चहानं कळ उठते आणि मिनिटभर राहते, आपोआप ठणकते, आडवं झाल्यावर वाढते. दाताच्या आतली नस सुजून गेली आहे आणि बहुधा ती पूर्ववत होणार नाही. काही जण गार पाण्याची बाटली हातात धरूनच दवाखान्यात येतात. घोट तोंडात असेपर्यंत बरं वाटतं, गिळला की पुन्हा ठणका. बाटली दिसली की तपासण्याआधीच निम्मं निदान होतं. यावर रूट कॅनाल किंवा दात काढणं, हेच उपाय उरतात.

चावल्यावर दुखतं, दात उंच वाटतो, हिरडीवर फोड. मुळाशी पू धरलाय.

सुपारी किंवा हाडूक चावल्यापासून, दाब सोडताना कळ. दाताला चीर गेलेली असू शकते. त्या बाजूनं चावणं बंद.

शेवटच्या दाढेमागची हिरडी सुजलेली, गिळताना कानापर्यंत कळ. अक्कलदाढ. बाहेर पडायला जागा नसली की तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून सडतं.

वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, सर्दी आहे, वाकल्यावर जड वाटतं. सायनस. दात निर्दोष असण्याची शक्यता जास्त.

तपासा: दात सापडला का? नसेल सापडला तरी हरकत नाही. सुजलेली नस मेंदूला नीट पत्ता देत नाही. खालची दाढ बिघडलेली असताना माणूस वरची दाखवतो, असं रोज होतं. फक्त त्या अंदाजावर ‘हीच काढा’ असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नका.

## पायरी 3: आधी सफाई, मग औषध

हीच पायरी सगळे गाळतात. दुखतंय म्हणून त्या बाजूला ब्रशच लावत नाहीत, आणि दोन दाढांच्या फटीत मटणाचा धागा, मक्याचं साल किंवा पेरूची बी रात्रभर तशीच रुतून बसते.

1. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. हे पाणी दुखऱ्या बाजूला अर्धा मिनिट खेळवा आणि थुंका. पेला संपेपर्यंत. पाणी कोमटच हवं, कढत नाही.
2. दुखऱ्या दाताच्या दोन्ही बाजूंनी फ्लॉस घाला. खसकन दाबू नका, करवतीसारखा हलवत खाली न्या, दाताला चिकटवून वर ओढा.
3. मऊ ब्रश फक्त पाण्यानं ओला करून तिथून हलकेच फिरवा.
4. पुन्हा चूळ भरा आणि दहा मिनिटं थांबा.

नुसतं अन्न अडकल्याचं दुखणं असेल तर इथेच उतरतं. बाकीच्या प्रकारांतही थोडा फरक पडतो.

इशारा: काडेपेटीतली काडी, टाचणी, केसांची पिन, सेफ्टी पिन यांपैकी काहीही खड्ड्यात घालू नका. पिनेनं हिरडी फाडून घेतल्यावर नक्की काय दुखतंय, हे आम्हालाही चटकन कळत नाही.

## पायरी 4: गोळी मोजून, वेळ लिहून

दाढदुखीवर मोठ्या माणसांसाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगली चालते. आयबुप्रोफेन सूज कमी करतं, पॅरासिटामॉल वेगळ्या वाटेनं वेदना कमी करतं. घोटाळा मोजण्यात होतो. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ही दोन्ही असतात: आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. माणूस कॉम्बिफ्लॅम घेतो, तासाभरानं डोलो 650 घेतो, आणि पहाटे सर्दीची गोळी. त्या सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. नावं तीन आणि औषध तेच.

म्हणून पट्टी उलटी करून आतली औषधं वाचा आणि बेरीज करा.

- आयबुप्रोफेन: एका वेळी 400 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 6 ते 8 तास. डॉक्टरांशिवाय दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या वर नाही. उपाशीपोटी नाही, काही नाही तर दूध-पोळी खाऊन.
- पॅरासिटामॉल: एका वेळी 500 ते 650 मिलिग्रॅम, दोन डोसांत 6 तास. सगळ्या गोळ्यांतलं मिळून दिवसाला 3 ग्रॅमच्या आत ठेवा. यकृताचा आजार असेल, वजन फार कमी असेल किंवा रोजचं पिणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.
- गोळीला अर्धा ते एक तास द्या. वीस मिनिटांत फरक नाही म्हणून दुसरी घेणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

आयबुप्रोफेन कुणी घेऊ नये: पोटात अल्सर असलेले, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेले, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले, वेदनाशामक गोळीनं दमा उसळतो असे, गरोदर स्त्रिया. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तरी नाही. या सगळ्यांनी फक्त पॅरासिटामॉलवर भागवावं.

शेजाऱ्यानं दिलेली किटोरोलॅकची गोळी (पाण्यात विरघळणारी ती) जोरदार खरी, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची आहे. आयबुप्रोफेनवर ती घेणं म्हणजे पोटाला आणि किडनीला दुहेरी मार.

मुलांना पॅरासिटामॉल वजनावर: किलोमागे 15 मिलिग्रॅम, 6 तासांच्या अंतरानं, दिवसात चारदा जास्तीत जास्त. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइडही नाही, 12 वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे.

गोळी गिळायची असते. अ‍ॅस्पिरिन कुटून दाढेपाशी दाबून ठेवलं की हिरडी भाजते, एवढंच होतं.

अँटिबायोटिकचं काय? ठणकणाऱ्या नसेवर त्याचा उपयोग होत नाही. पू पसरून ताप आला असेल तेव्हा डॉक्टर ते देतात, तेही दाताच्या उपचाराच्या जोडीला. घरात उरलेल्या चार अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतल्यानं जंतू मरत नाहीत, मुरतात. पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही.

## पायरी 5: गार शेक आणि दोन उश्या

फडक्यात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून 15 मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. गरम शेक नको. सूज असताना गरम पिशवी लावली की तिथला रक्तपुरवठा वाढतो, सूज आणखी तट्ट होते. कमरेला चालतं ते गालाला चालत नाही.

झोपताना डोकं उंच ठेवा. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि बंद दातात कोंडलेली नस आणखी आवळली जाते. रात्री ठणका वाढतो तो मुख्यतः यामुळे. दोन उश्या घ्या, नाही तर आरामखुर्ची.

पोटात काही जायला हवं. मऊ भात, वरण, खिमट, ताक. चहा थोडा निवू द्या.

## पायरी 6: लवंगेचं तेल, घ्यायचंच असेल तर

ते सहाव्या पायरीवर का? कारण ते उघड्या खड्ड्यावर चालतं, आणि वरच्या पाच गोष्टी झाल्यावर बहुतेकदा लागत नाही. लवंगेतलं युजेनॉल नस थोडा वेळ बधिर करतं. दातात भरायच्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये आम्हीही ते वापरतो.

चमचाभर खोबरेल तेलात लवंग तेलाचे दोन थेंब. ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा त्यात बुडवा, पिळा, आणि फक्त खड्ड्यात ठेवा. हिरडीला, गालाला लागू देऊ नका. दहा मिनिटांनी काढून टाका. बोळा रात्रभर ठेवून झोपू नका. लहान मुलांना हा उपाय नाही, आणि तेल गिळायचं तर अजिबात नाही.

कापूर नको, पोटात गेला तर विषारी आहे, लहान मुलांना थोडासाही झटके आणू शकतो. दारूचा बोळा नको. मिश्री तर नकोच.

आणि धुरी. ‘दाताला कीड लागली’ या शब्दानं आपला मोठा घात केलाय. गव्हातल्या किडीसारखी एखादी अळी दाढेत बसून कुरतडते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मग रिंगणीच्या बियांची धुरी घेतली, पाण्यात पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं, की खात्रीच पटते. दातात अळी नसते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दात विरघळून खड्डा पडतो. पाण्यातलं ते पांढरं बियांबरोबर आलेलं असतं.

## पायरी 7: सकाळी फोन, आणि नीट माहिती

दवाखाना उघडताच फोन करा. ‘दाढ दुखतेय, कधी येऊ’ असं म्हटलंत तर उद्याची वेळ मिळेल. असं सांगा: कुठल्या बाजूला, वर की खाली, किती दिवस, रात्री झोप मोडली का, गरमानं वाढते की गारानं, सूज, ताप, कुठली गोळी किती वाजता. यावरून कुणाला आधी घ्यायचं ते ठरतं.

नाश्ता आणि रोजची औषधं घेऊन या. उपाशी येऊन भूल दिल्यावर चक्कर येणारे पुष्कळ. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. गरोदर असाल तर तसं सांगा. गरोदरपणात दातांचे उपचार चालतात, चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा.

खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांची ओपीडी गाठा: मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

वरची दाढ काढल्यानं नजर जात नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. हे इथे लिहितोय कारण या भीतीपायी पू घेऊन वर्षभर बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

## पायरी 8: दुखणं आपोआप थांबलं, तर जास्त सावध

तीन रात्री ठणकून चौथ्या दिवशी सगळं शांत. गार लागत नाही, गरम लागत नाही. माणूस खूश होऊन अपॉइंटमेंट रद्द करतो. या शांततेचा अर्थ बहुतेकदा असा, की नस मेली. मेलेल्या नसेच्या जागी जंतू वाढतात, मुळाच्या टोकाशी हाड पोखरत जातात, आणि काही महिन्यांनी एका सकाळी गाल सुजलेला असतो. तेव्हा रूट कॅनालनं वाचणारा दातही कधी कधी काढावा लागतो.

हिरडीवर पुळी येऊन फुटली आणि बरं वाटलं, तरी तेच. पूला वाट मिळाली, म्हणून दाब उतरला.

तपासा: झोप मोडेल एवढं दुखलं होतं का? मग आज दुखत नसलं तरी एक्स-रे काढाच.

## दात काढून आल्यावर

कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. पहिले 24 तास चूळ नाही, सारखं थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू-सिगारेट नाही. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हाच तिथला मलम असतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलकेच चूळ. दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला वास आला, तर गाठ निसटली आहे. गोळ्या वाढवू नका, परत जाऊन ड्रेसिंग करून घ्या.

कॅप निघाली तर ती डबीत ठेवून घेऊन या. झटपट चिकटणाऱ्या गोंदानं घरी चिकटवलेली कॅप नंतर दातासकट मोडते.

## रोजचं: रात्रीचा ब्रश आधी सुधारा

सकाळचा ब्रश सगळे करतात, बेसिनपाशी घसा खरवडून आळीला जागंही करतात. दात वाचवतो तो रात्रीचा ब्रश, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

1. आधी फ्लॉस, मग ब्रश.
2. पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. पाकिटावर फ्लोराइड 1000 पीपीएम किंवा अधिक लिहिलेलं असावं. ‘आयुर्वेदिक’ म्हणून घेतलेल्या अनेक पेस्टमध्ये ते नसतं, वाचून घ्या.
3. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका, साधारण 45 अंशांत. लहान हेलकावे द्या, भांडी घासल्यासारखं आडवं रेटू नका. रेटून घासलं की मुळाशी खाचा पडतात आणि मग गार पाणी सोसत नाही.
4. सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं करा, कारण तिथेच हात पोहोचत नाही आणि दगडासारखं कीटण जमतं. एकूण दोन मिनिटं.
5. फेस थुंका आणि थांबा. खळखळून चुळा भरल्या की फ्लोराइड मोरीत जातं.
6. यानंतर फक्त पाणी. साखरेचं हळद-दूध, गोड बडीशेप, खोकल्याचं औषध हे सगळं ब्रशच्या आधी.

साखर किती खाल्ली त्यापेक्षा किती वेळा, हे दाताला जास्त जाणवतं. दिवसातून सहा वेळा अर्धा कप गोड चहा घेणाऱ्याचे दात सहा वेळा आम्लात भिजतात. चहानंतर पाण्याची एक चूळ भरली तरी फरक पडतो. चिंच, लिंबू, कैरी खाल्ल्यावर मात्र अर्धा-एक तास ब्रश नको. मऊ झालेला थर घासून निघतो.

ब्रश दर तीन महिन्यांनी बदला, केस त्याआधी फाकले तर तेव्हाच. फाकलेत पटकन, तर तुमचा हात जड आहे.

राखुंडी आणि विटेची भुकटी दात झिजवतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दंतमंजन नव्हे. तिनं दुखणं घटकाभर बधिर होतं, म्हणून आजीपासून नातीपर्यंत सवय जाते. ती किंवा गुटखा-तंबाखू लावणाऱ्यांनी महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन आरशासमोर उभं राहावं. गालाच्या आतून, जिभेखाली, ओठाच्या मागे पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त दिसली तर दाखवा. मग स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. तीन बोटं जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दात दुखत नसला तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.